पॅकेज तुमचं, पेन्शन कुणाची?

आई-बाबांनी म्हातारपणी मुलांच्या पैशांवर अवलंबून राहावं का? घरात हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही. पण त्याचं निम्मं उत्तर तुमच्या कॉलेजच्या फीच्या पावतीत दडलेलं आहे.

प्लेसमेंटचा सीझन सुरू झाला की वारज्यातल्या चहाच्या टपऱ्यांवर एकच प्रश्न ऐकू येतो : पॅकेज किती? सिंहगडच्या कॅम्पसमधली पोरं असोत, कर्वेनगरहून आलेल्या कमिन्सच्या पोरी असोत किंवा माळवाडीत कॉट बेसिसवर राहून दुसऱ्याच कुठल्या कॉलेजला जाणारे असोत, सगळ्यांचं गणित साधारण सारखंच असतं. इतके हातात येणार, त्यातून इतकं भाडं, इतका बाइकचा ईएमआय, वर्षातून एक ट्रिप, जमलं तर एसआयपी. त्या गणितात एक ओळ मात्र बहुतेकदा नसते. आई-बाबांची.

प्रेम नाही म्हणून नव्हे. आपल्याकडे याबद्दल बोलायची पद्धतच नाही, म्हणून. बाबांना विचारून बघा, 'रिटायर झाल्यावर तुमचं कसं काय?' उत्तर ठरलेलं. 'आमचं काय रे, आम्हाला कितीसं लागतं? तू तुझं बघ.' आई तर विषयच बदलते. आणि पाहुणे आले की हेच बाबा चहा पिता पिता म्हणतात, 'आता हिचं शिक्षण झालं की सुटलो!' सुटलो म्हणजे नक्की काय, हे पाहुणेही विचारत नाहीत आणि तुम्हीही.

म्हणून आज आपण विचारूया.

एकाच वर्गातली तीन घरं

हा प्रश्न प्रत्येक घरात वेगळा असतो. वारज्यातल्या एकाच वर्गातली तीन घरं डोळ्यांसमोर आणा.

पहिलं घर सोसायटीतलं. टू बीएचके. बाबा पिंपरी-चिंचवडकडच्या एका खासगी कंपनीत. दर महिन्याला पीएफ कापला जातो, त्यामुळे घरात सगळ्यांचा समज असा की बाबांना पेन्शन आहे. पेन्शन आहे, पण किती? ईपीएस-९५ या योजनेचं सूत्र सोपं आहे : पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. आणि सर्वसाधारण कर्मचाऱ्यासाठी पेन्शनपात्र पगाराची मर्यादा आहे १५,००० रुपये. म्हणजे बाबांचा पगार साठ हजार असला तरी तीस वर्षांच्या नोकरीनंतर हातात येणारी पेन्शन साडेसहा-सात हजारांच्या पुढं जाणं अवघड. या योजनेतली किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये आहे. महिन्याला. सोसायटीचा मेन्टेनन्स तरी भागेल का, ते तुम्हीच सांगा.

सरकारी नोकरीत असलेल्यांचं बरं, असं वाटतं ना? महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन राहिली नाही. मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यातले कर्मचारी संपावर गेले होते, शाळा-दवाखाने आठवडाभर विस्कळीत झाले होते. आपण सुट्टी मिळाली म्हणून खूश होतो. ती माणसं मात्र नेमका हाच प्रश्न घेऊन रस्त्यावर उतरली होती की साठीनंतर आमचं काय?

दुसरं घर भाड्याच्या खोलीतलं. आई-बाबा सातारा, सोलापूर किंवा बीडकडून आलेले. बाबा रिक्षा चालवतात, आई चार घरचा स्वयंपाक करते. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, काम थांबलं की पैसा थांबला. अशांसाठी सरकारची एक योजना आहे. वय ६५ झालेलं हवं, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० रुपयांच्या आत हवं. मिळतात महिना १,५०० रुपये. आणि योजनेचं नाव काय आहे, ठाऊक आहे? श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. म्हाताऱ्या आई-बापाला कावडीत बसवून नेणाऱ्या मुलाचं नाव सरकारनं आपल्या पेन्शनला दिलंय! या घरात 'अवलंबून राहावं का' हा प्रश्नच गैरलागू आहे. इथं पोरगं हीच पेन्शन आहे. तुम्ही या घरातले असाल, तर 'पेरेंट्सनी आपलं आपण बघायला हवं' असं सांगणारी रील पुढं सरकवा. ती तुमच्यासाठी नाही.

तिसरं घर मूळ गावातलं. जिथं आज टॉवर उभे आहेत तिथं आजोबांच्या काळी शेती होती. जमीन गेली, बदल्यात फ्लॅट आले, गाळे आले. कागदावर घर श्रीमंत. या घरात धोका पेन्शनचा नसतो, सहीचा असतो. 'पुढं-मागं नावावर करायचंच आहे, तर आत्ताच करून टाकू' म्हणत सगळं मुलांच्या नावावर होतं आणि काही वर्षांनी मालकच पाहुणा होतो. शिरवाडकरांनी १९७० साली 'नटसम्राट'मधल्या आप्पा बेलवलकरांच्या रूपानं हेच तर दाखवलं. सगळं मुलांना वाटून टाकलेला बाप दोन्ही घरांत नकोसा झाला. तुमच्यातल्या अनेकांनी ते नाना पाटेकरांच्या सिनेमात पाहिलंय आणि रडलाय. रडून झाल्यावर आपल्या घरचे कागद मात्र किती जणांनी पाहिले?

कायदा तुमच्या बाजूनं आहे? नाही, त्यांच्या

आता एक गोष्ट स्पष्ट असू दे. आई-वडिलांना सांभाळणं हा फक्त संस्कारांचा विषय नाही. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायद्यानुसार, स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून जगू न शकणाऱ्या आई-वडिलांना सांभाळणं ही सज्ञान मुलांची जबाबदारी आहे. प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडं साधा अर्ज करता येतो. वकील लावायचा नाही. निकाल ९० दिवसांत अपेक्षित असतो, फार तर आणखी ३० दिवस. निर्वाहभत्ता जास्तीत जास्त महिना १०,००० रुपये. ज्येष्ठ नागरिकाला वाऱ्यावर सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तिसऱ्या घरासाठी याच कायद्यात कलम २३ आहे. 'मला सांभाळशील' या अटीवर ज्येष्ठ नागरिकानं मालमत्ता दिली आणि घेणाऱ्यानं ती अट पाळली नाही, तर तो व्यवहार रद्द ठरवता येतो. म्हणूनच बक्षीसपत्र करताना ही अट कागदावर लिहिलेली असणं फार महत्त्वाचं. आप्पा बेलवलकरांच्या वेळी हा कायदा नव्हता.

आपल्याच राज्यात याच्याही पुढं गेलेली एक संस्था आहे. लातूर जिल्हा परिषदेनं २०२० मध्ये ठराव केला : जो कर्मचारी आई-वडिलांना सांभाळत नाही, त्याच्या पगारातून ३० टक्के कापायचे आणि थेट आई-वडिलांच्या खात्यात भरायचे. २०२१ च्या सुरुवातीला सात जणांचा पगार खरोखर कापला गेला. तक्रारी आलेल्यांत सहा जण शिक्षक होते. आसामनं २०१७ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांसाठी असाच कायदा केला आणि सिंगापूरसारख्या श्रीमंत देशानं तर १९९५ मध्येच आई-वडिलांच्या निर्वाहाचा कायदा आणला. म्हणजे 'हे फक्त आपल्याकडंच' असंही काही नाही.

पण कायद्याचा एक दोष आहे. तो फार उशिरा येतो. आईनं मुलाविरुद्ध अर्ज लिहिला, तोवर घरात लिहिण्यासारखं बरंच काही घडून गेलेलं असतं. आणि अर्ज लिहिणाऱ्या आयांपेक्षा न लिहिणाऱ्या आया कितीतरी जास्त. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्यात हे आठ दिवस न सांगणारी, का तर महिनाअखेर आहे आणि सुनेसमोर मागायचं कसं. वयाची साठ वर्षं दुसऱ्यांना वाढण्यात घालवलेल्या बाईला दोनशे रुपयांसाठी तोंड उघडावं लागणं, यावर कुठलंच न्यायाधिकरण निकाल देऊ शकत नाही.

आणि मुलींचं काय?

'मुलगी परक्याचं धन' हे वाक्य आता कुणी मोठ्यानं म्हणत नाही, पण पैशांचा विषय निघाला की ते हळूच डोकं वर काढतं. 'लेकीचे पैसे कसे घ्यायचे?' असं म्हणणारे बाबा तुमच्याही घरात असतील.

याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्येच देऊन ठेवलंय आणि प्रकरण आपल्याच कल्याणचं होतं. एका वडिलांनी डॉक्टर असलेल्या विवाहित मुलीकडं महिना ५०० रुपये पोटगी मागितली. मुलीचं म्हणणं होतं की कायद्यात जबाबदारी मुलाची आहे, माझी नाही. प्रकरण कल्याणच्या न्यायालयातून उच्च न्यायालयात आणि तिथून दिल्लीला गेलं. न्यायालयानं सांगितलं : विवाहित मुलीवरही आई-वडिलांची जबाबदारी आहे. मात्र तिच्याकडं नवऱ्याच्या उत्पन्नाव्यतिरिक्त स्वतःचं पुरेसं साधन हवं. २००७ च्या कायद्यातही मुलगा आणि मुलगी असा फरक नाही.

मुलींनो, जबाबदारी आहे याचा अर्थ हक्कही आहे. कांदेपोहे असोत की लव्ह मॅरेज, लग्नाचं बोलणं सुरू असतानाच हे स्पष्ट सांगून टाका : 'माझ्या पगारातले इतके पैसे दर महिन्याला माझ्या आई-बाबांना जातील.' समोरच्याचा चेहरा कसा होतो ते बघा. पत्रिकेपेक्षा जास्त माहिती मिळेल. आणि मुलांनो, तुमच्या आईला जितकं औषध लागतं तितकंच तिच्या आईलाही लागतं. हे वाक्य तुम्हीच तुमच्या घरात बोलून दाखवलंत, तर तिला ते लढून मिळवावं लागणार नाही.

'आम्ही कुठं म्हणालो होतो?'

इथं तुमच्यातले काही जण कुरकुरतील. 'आम्हाला जन्माला घाला असं आम्ही सांगितलं होतं का? मुलं म्हणजे काय फिक्स्ड डिपॉझिट आहे का?' मुद्दा अगदीच चुकीचा नाही. मुलाला इन्व्हेस्टमेंट समजणारे आई-बाप असतात. 'तुझ्यावर इतका खर्च केला' असा हिशोब सतत कानावर पडला की मन विटतं. काही घरांत त्याहून वाईट असतं : बापाचं व्यसन, जुगाराची देणी, कुणाकुणाला दिलेले शब्द. पोराचा पहिला पगार झाला की सगळे हात पसरून उभे.

अशा घरातल्या मुला-मुलींनी एक लक्षात ठेवावं. घर चालवणं वेगळं आणि कुणाचं व्यसन चालवणं वेगळं. रोख हातात न देता किराणा भरा, वीजबिल भरा, आईच्या खात्यात टाका. मर्यादा घातली म्हणून कुणी वाईट मुलगा होत नाही.

पण 'सांगितलं होतं का' हा सवाल एका बाबतीत कमी पडतो. जन्माचं आपण सांगितलं नव्हतं, मान्य. मात्र बारावीनंतरचं कॉलेज आपण निवडलं. क्लास आपण निवडला. लॅपटॉप आपण मागितला. ते पैसे कुठून आले, हे तर विचारायला हवं की नाही?

तुम्ही त्यांची पेन्शन आत्ताच खर्च करताय

थोडं गणित करू. समजा, तुमच्या शिक्षणासाठी चार वर्षांत १५ लाख रुपये लागणार आहेत आणि बाबा म्हणतात, 'कर्ज नको, पीएफमधून काढतो, एफडी मोडतो.' तुम्हाला हायसं वाटतं.

आता तेच १५ लाख साठीनंतर त्यांच्याकडं असते तर? पोस्टातल्या किंवा बँकेतल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्के दरानं वर्षाचं व्याज होतं १ लाख २३ हजार. म्हणजे महिन्याला सव्वादहा हजार, मुद्दल जागच्या जागी. आणि आठवतंय, कायद्यानं मुलांकडून जास्तीत जास्त किती मिळतात? दहा हजार. म्हणजे जी रक्कम उद्या त्यांना न्यायाधिकरणात जाऊनही जेमतेम मिळेल, तेवढी त्यांची स्वतःची असू शकली असती. कुणाला न मागता.

म्हणून या प्रश्नाचं खरं उत्तर तुमच्या नोकरीनंतर सुरू होत नाही, आत्ता सुरू होतं. शैक्षणिक कर्जाला घाबरू नका. कोर्स संपल्यावर साधारण वर्षभरापर्यंत हप्ते सुरू होत नाहीत आणि तुमच्यासमोर कमाईची पस्तीस-चाळीस वर्षं आहेत. बाबांच्या समोर पाच आहेत. शिक्षणासाठी बँक उभी राहते. साठीनंतरच्या किराण्यासाठी मात्र राहतं घर गहाण टाकल्याशिवाय कुणी उभं राहत नाही. फक्त एक विसरू नका : त्या कर्जात आई किंवा बाबा सहकर्जदार असतात. तुमचा हप्ता चुकला की फोन त्यांना जातो.

सगळ्यांनीच पूर्ण कर्ज काढावं असं नाही. निम्मं तरी काढा. कमी फीचं चांगलं सरकारी किंवा अनुदानित कॉलेज मिळत असेल, तर ते कमीपणाचं समजू नका. ईएमआयवरचा महागडा फोन टाळा. आणि लग्न! लॉन्सवर एका संध्याकाळी जे उडतं, त्यात कुणाच्या तरी साठीनंतरची दोन-तीन वर्षं असतात. 'लोक काय म्हणतील' म्हणून आई-बाबा खर्च करणारच. त्यांना थांबवू शकेल असं घरात एकच माणूस आहे, ते म्हणजे तुम्ही.

आणि स्वतःचंही बघा. अटल पेन्शन योजनेत ६० व्या वर्षापासून महिना ५,००० रुपये पेन्शन हवी असेल, तर १८ व्या वर्षी सुरू करणाऱ्याला महिना २१० रुपये भरावे लागतात. चाळिशीत सुरू करणाऱ्याला १,४५४. पहिल्यानं साठीपर्यंत एकूण भरले साधारण १ लाख ६ हजार, दुसऱ्यानं जवळपास साडेतीन लाख. पेन्शन सारखीच. आज कॉलेजात असताना, प्राप्तिकर भरायला लागण्याआधीच, यात शिरता येतं. पुढं महागाईसमोर पाच हजार पुरणार नाहीत, हे खरं. पण उशिराची किंमत किती असते, हे कळायला एवढं पुरेसं आहे.

एका रविवारचं काम

मग करायचं काय? भाषण नको. एखाद्या रविवारी, पोहे-चहा झाल्यावर, आई-बाबा दोघं घरात असताना एवढंच म्हणा : 'मला आपले कागद समजावून सांगा.' पैसे मागायला आलाय असं वाटलं तर सांगा की मागायला नाही, समजून घ्यायला आलोय. आणि हे विचारा :

• पीएफ किती साठलाय? यूएएन नंबर कुठं लिहिलाय? नॉमिनी कोण आहे, की अजून आजीचंच नाव आहे?

• आरोग्य विमा आहे का? कंपनीचा असेल तर नोकरीबरोबर तो संपतो का? ७० वर्षांपुढच्या आजी-आजोबांचं आयुष्मान कार्ड काढलंय का? २०२४ पासून त्या वयाच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला कुटुंबामागं पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे.

• कर्ज कुठलं आहे आणि कधी फिटणार? कुणाला जामीन राहिलाय का?

• घर कुणाच्या नावावर आहे? आईचं नाव आहे का? मृत्युपत्र केलंय का?

• काम थांबल्यावर महिन्याला किती लागतील? त्यातले तुमचे तुमच्याकडं किती असतील आणि आम्ही किती द्यायचे?

शेवटचा प्रश्न विचारताना भाऊ-बहीण सगळे हजर असू द्या. आकडा ठरवा, फॅमिली ग्रुपवर लिहून ठेवा. परदेशात असलेल्यानं पैसे पाठवायचे आणि वारज्यात असलेल्यानं दवाखान्यात न्यायचं, असं ठरलं तर तेही लिहा. नेण्या-आणण्याची किंमतही मोजली जाऊ दे. नाहीतर पैसे पाठवणारा श्रावणबाळ ठरतो आणि रात्री दोनला रिक्षा शोधणारी मुलगी कुणाच्या हिशोबातच येत नाही.

तर मग, आई-बाबांनी मुलांवर अवलंबून राहावं का? माझं उत्तर : त्यांच्याकडं दुसरा मार्ग उरू नये, अशी वेळ आपण आणू नये. आणि ज्यांच्याकडं तो नाहीच, त्यांना मागावं लागू नये. आईच्या खात्यात पाच तारखेला आपोआप जमा होणारे तीन हजार आणि तिनं मागितल्यावर दिलेले पाच हजार, यातले मोठे कुठले हे तिला विचारा.

पहिला पगार देवापुढं ठेवून आईच्या हातात सगळेच देतात. त्याचा फोटोही निघतो. खरी परीक्षा सदतिसाव्या पगाराची असते. तेव्हा लग्न झालेलं असतं, घराचा हप्ता सुरू असतो आणि कुणी फोटो काढत नसतं. त्या महिन्याचा आकडा आज ठरवून ठेवा.